साहेबांची साठी आणि दोनशे रुपयांचं रजिस्टर

आठवडाभर सगळ्यांच्या स्टेटसला एकच व्हिडिओ. एमआयडीसीतल्या एका कंपनीत एमडी साहेबांची साठी. अर्जंट मीटिंग आहे म्हणून साहेबांना कँटीनमध्ये आणलं, दार उघडलं तर समोर पाच किलोचा केक. पॅकिंगच्या बायकांनी साठ दिव्यांनी ओवाळलं. साहेबांचे डोळे भरून आले, आणि ते काही खोटं नव्हतं. लेथवर उभं राहून वर आलेला माणूस आहे. साठी एकदाच येते. इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही.

कंपनीचं नाव विचारू नका. माझा पुतण्या तिथे कंत्राटी हेल्पर आहे, तपशीलही मी थोडे फिरवलेत.

केकच्या आधी चार दिवस सुपरवायझर लायनीवरून फिरला. कायम कामगारांना पाचशे, कंत्राटींना दोनशे. "ऐच्छिक आहे बरं का" असं म्हणायचं आणि नाव, रक्कम, सही असे रकाने आखलेलं रजिस्टर पुढे करायचं! पुतण्याने दिले. जवळजवळ अर्ध्या दिवसाची हजेरी गेली. मी विचारलं, कशाला दिलेस? म्हणाला, "काका, पुढच्या महिन्यात कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय." वर कार्यक्रमात गेलेले दोन तास रविवारी भरून घेतले, ते वेगळंच.

आता कायदा बघा. कायद्यात सांगितलेल्या कपातींशिवाय पगारातून काही कापायचं नाही, हे १९३६ च्या वेतन कायद्यापासून चालत आलंय, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. पण वर्गणी पगारातून कापतच नाहीत ना. आधी पगार हातात देतात, मग हातातून घेतात. कागदावर सगळं स्वच्छ.

मोठ्या माणसांचे वाढदिवस आपण पाहिलेत. डिसेंबर २०१५ मध्ये विजय मल्ल्यांची साठी गोव्यात, कांदोळीच्या बंगल्यात थाटात झाली. तेव्हा किंगफिशरची विमानं बंद पडून तीन वर्षं झाली होती आणि कर्मचारी थकलेला पगार मागत होते. आणि डिसेंबर २०२१ मध्ये रतन टाटा ८४ वर्षांचे झाले तेव्हा समोर होता एक छोटा कपकेक, त्यावर एक मेणबत्ती, बाजूला टाळ्या वाजवणारा एक तरुण सहकारी. तो व्हिडिओ लोकांनी आपणहून पुढे पाठवला. त्यासाठी कुणाची सही घ्यावी लागली नव्हती.

मला साहेबांचा राग नाही, राग आहे तो मधल्या फळीचा. साहेबांना खूश करायचंय यांना, पैसे हेल्परचे. एवढं प्रेम असेल तर मॅनेजर लोकांनी आपसांत काढावेत की! नाहीतर कंपनीच्या खर्चातून करावं. आणि कामगाराला खरंच द्यायचंच असेल तर एक बंद डबा ठेवा कँटीनच्या दाराशी, नाव नको, रकाना नको. किती जमतात ते दिसेल.

ही आपलीच गोष्ट आहे असं ज्या साहेबांना वाटेल, त्यांना एकच विनंती. सोमवारी ते रजिस्टर मागवा. टाइम ऑफिसच्या कपाटात असेल. कंत्राटी कामगारांचं पान काढून एकेक नाव वाचा, आणि दोनशे रुपये ज्याचे त्याला परत द्या.




तुमच्याकडेही असं रजिस्टर फिरलं असेल तर खाली लिहा. कंपनीचं नाव मात्र टाकू नका, नोकरी सांभाळा.