दुकानात क्यूआर, कनवटीला नोट: गावाचं कॅशलेस अडलंय कुठं?

चहाच्या टपरीवर, खताच्या दुकानात, सलूनमध्ये, आठवडी बाजारात मेथीच्या जुड्यांशेजारीसुद्धा आता क्यूआर दिसतो. ऑगस्ट २०२५ मध्ये देशात यूपीआयवर एका महिन्यात पहिल्यांदाच २००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. मग नोटा कमी झाल्या असतील, असं वाटेल. पण तसं झालेलं नाही. नोटबंदीच्या वेळी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, देशात साधारण १८ लाख कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या. मार्च २०२५ अखेर हा आकडा ३६ लाख कोटींच्या वर गेला. या काळात महागाई आणि उलाढाल वाढली, हे खरं. तरी मोबाईल आला म्हणून नोट गेली नाही, एवढं नक्की.

धसईत काय झालं होतं?

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातलं धसई हे राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून १ डिसेंबर २०१६ रोजी जाहीर झालं. दुकानदारांना स्वाइप मशीन मिळाल्या, मोठा गाजावाजा झाला. पुढे पत्रकार पुन्हा गावात गेले तेव्हा बराचसा व्यवहार रोखीवर परतलेला दिसला. त्या वेळी कार्डाला मशीन लागायचं, मशीनला रेंज लागायची आणि दुकानदाराला वर शुल्कही पडायचं.

यूपीआयनं हीच अडचण सोडवली. मशीनऐवजी छापील कागद पुरतो आणि जानेवारी २०२० पासून दुकानदाराला त्यावर एमडीआर, म्हणजे व्यवहाराचं शुल्क, नाही. सरकारी मेळाव्यानं जे झालं नाही, ते फुकट आणि सोपं मिळाल्यामुळं झालं.

पैसा येतो खात्यात, जातो रोखीत

गावात येणारा बराच पैसा आज थेट खात्यात येतो. पीएम किसानचे हप्ते, लाडकी बहीणचे दीड हजार, दुधाचं बिल, कारखान्याचं ऊसबिल. पण हा पैसा खर्च कुठं होतो ते बघा. खुरपणीचा रोज, कापूस वेचणी, हमाली, सालगड्याची उचल. यातलं बरंचसं अजून नोटेतच द्यावं लागतं, कारण मजुराला बाजाराच्या दिवशी पैसा हातात हवा असतो.

यात बायकांची अडचण सगळ्यात मोठी. अनेक घरांत स्मार्टफोन एकच असतो आणि तो नवऱ्याकडं नाहीतर पोराकडं. मालकानं 'फोनपे करतो' म्हटलं की तिची मजुरी त्यांच्या खात्यात जाते. दिवसभर वाकून काम केलं तिनं, पण मीठ-मिरचीलाही पैसे मागायची वेळ तिच्यावरच येते. रोख मजुरी मिळायची तेव्हा निदान पैसा पहिल्यांदा तिच्या हातात पडायचा. म्हणून मजुरी ऑनलाइन द्यायची तर ती तिच्याच खात्यावर द्यावी.

तिच्या खात्यातला पैसा काढणंही सोपं नाही. एटीएम तालुक्याला, बँकेत रांग. जवळचा मार्ग म्हणजे आधारवर अंगठा लावून पैसे देणारं केंद्र. पण शेतात राबून झिजलेला अंगठा मशीनला उमटत नाही. 'अंगठा लागला नाही' असं सांगून दोनदा-तीनदा लावून घ्यायचा आणि पैसे काढून घ्यायचे, अशा फसवणुकीही झाल्या आहेत. दरवेळी पावती मागणं आणि पासबुक भरून घेणं, हाच त्यावर साधा उपाय.

शेतमालाचे पैसे खात्यातच बरे

मोठ्या रकमेचं गणित मात्र वेगळं आहे. नोटबंदीनंतर नाशिकच्या कांदा बाजारात चेक सुरू झाले, तेव्हा चेक वटायला लागणारा वेळ आणि न वटलेले चेक यांनी शेतकरी बेजार झाले होते. आता पैसे थेट खात्यात येऊ शकतात. व्यापारी बुडवू लागला तर पट्टी आणि खात्यातली नोंद हाच पुरावा. कर्ज मागताना बँकही व्यवहार बघते. दोन-तीन लाखांच्या नोटा पिशवीत घेऊन एसटीनं येण्यातली जोखीम तर वेगळीच.

दुकानदार का बिचकतो?

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि बंगळुरूत अनेकांनी क्यूआर काढून ठेवले. ती बातमी इथंही मोबाईलवर फिरली. पण नियम समजून घ्यावा. फक्त माल विकणाऱ्याला आपल्या राज्यात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे नोंदणी लागत नाही, सेवेसाठी ही मर्यादा २० लाख आहे. स्वतःच्या शेतात पिकवलेला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला नोंदणी लागत नाही. कर क्यूआरमुळं लागत नाही, उलाढालीमुळं लागतो.

दुसरी भीती जास्त खरी आहे. फसवणुकीतला पैसा फिरत फिरत एखाद्याच्या खात्यात आला की खातं किंवा तेवढी रक्कम गोठवली जाते आणि निस्तरण्यासाठी चकरा त्याच्या मागं लागतात. म्हणून अनोळखी माणसाला 'ऑनलाइन घ्या, रोख द्या' ही मदत करू नये.

हे लक्षात ठेवा

- पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.
- स्पीकरचा आवाज किंवा दाखवलेला स्क्रीनशॉट यावर भरवसा नको. मोठी रक्कम खात्यात बघूनच माल सोडा.
- फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. उशीर झाला की पैसा पुढच्या खात्यात जातो.
- साध्या फोनवरही 'यूपीआय १२३ पे' चालतं. ही सोय मार्च २०२२ पासून आहे.

गावाला मोबाईलचं वावडं नाही, जिथं सोय दिसली तिथं लोकांनी तो स्वतःहून धरला. पण रेंज गेली, सर्व्हर बंद पडला किंवा अंगठा उमटला नाही, तर त्या दिवशीचं तेल-मीठ नोटेवरच येतं. म्हणून कॅशलेसच्या नावाखाली गावातली बँक शाखा, एटीएम आणि रोख काढायची सोय कमी होत असेल, तर ग्रामसभेत तो विषय घ्यायलाच हवा. शेतमालाची पट्टी खात्यात आणि मजुराचा रोज त्याच्या किंवा तिच्या मर्जीप्रमाणं, एवढं जमलं तरी सध्या पुष्कळ आहे.