संकल्प लहान असावा, पण रोजचा असावा

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन करून इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या नऊ शतकांत नांदलेली शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. जव हे त्यांचे प्रमुख धान्य. जोडीला गहू, कडधान्ये, पशुधन, शिकार आणि नदीतले मासे. पाण्यासाठी त्यांनी पाट खोदला, धान्यासाठी कोठारे बांधली. तरीही तेथील बालकांच्या अवशेषांचा अभ्यास करणारे जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांना दुधाच्या दातांवर शारीरिक ताणाच्या खुणा आढळल्या. शेवटच्या शतकांत तर ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या.

आज त्याच परिसरात ऊस पिकतो. ज्या भूमीतल्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या अन्न मिळवण्याची चिंता वाहिली, तेथे अन्न आवरण्याची चिंता करण्याची वेळ आली आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष वाजवीपेक्षा अधिक वजनाचे आहेत.

‘मी तर सडपातळ आहे’ असे म्हणून सुटका करून घेता येत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत गर्भवती मातांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो भरले. आपल्या बालकांचे स्नायू कमी होते; चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. हाता-पायांनी बारीक आणि पोटाने सुटलेला गृहस्थ आपल्याकडे घरोघर दिसतो, त्याची मुळे इतकी खोल आहेत. म्हणून वजनकाट्याइतकेच कंबरेच्या घेराकडे लक्ष हवे. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही आपल्यासाठी धोक्याची रेषा मानली जाते.

उपाय सर्वांना ठाऊक आहेत. अडते ते संकल्पापाशी. आपण येत्या सोमवारपासून भात, साखर, तळण सारेच एकदम सोडतो आणि पुढचा सोमवार उजाडण्याआधी दुप्पट वेगाने परततो. उपवासाचेही तेच. साबुदाणा, दाणे, बटाटा आणि तूप पाहिले, की ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण का रूढ झाली ते कळते.

वास्तविक मोठ्या लाभासाठी मोठा त्याग लागत नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींवर अमेरिकेत झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उद्दिष्ट होते वजनात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे चालणे. तेवढ्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. ८० किलोच्या माणसाला हे साडेपाच किलो होतात. आठवड्याला पाव किलो उतरले तरी पाच-सहा महिन्यांत ते साधते.

संघकार्याशी परिचित असलेल्यांना हे तत्त्व नवे नाही. शाखा एका तासाची असते, पण रोजची असते. तिचे सामर्थ्य त्या ‘रोज’मध्ये आहे. तेच सूत्र स्वयंपाकघरात आणावे. दिवसाकाठी चार कप चहा आणि प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे महिन्याला सव्वा किलोच्या आसपास साखर झाली. एक चमचा कमी केला, तर त्यातली निम्मी वाचते. पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘मन की बात’मधून तेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले. महिन्याला तीन लिटर तेल लागणाऱ्या घरात ते अवघे ३०० मिलिलिटर होते. चवीत फरकही जाणवणार नाही. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा घरोघर प्रसार केला. आपण तीन नमस्कारांपासून आरंभ करावा आणि दर आठवड्याला एक वाढवावा. मधुमेहाची वा रक्तदाबाची औषधे चालू असतील, तर वैद्यांना विचारूनच.

आता थोडे आत्मपरीक्षण. तारुण्यात मैदानावर घाम गाळणारा कार्यकर्ता पन्नाशीत बैठका, प्रवास आणि चहा यांत गुंततो. तो ज्या घरी जेवायला जातो, तेथे प्रेमापोटी तिसरी पोळी आणि दुसरी वाटी श्रीखंड आग्रहाने वाढली जाते. ‘नको’ म्हटले तर यजमानाला वाईट वाटेल, या भिडेने तो खातो. पाहुण्याच्या ‘पुरे’चा मान राखणे हेही आतिथ्यच आहे, हे आपल्या घरांनी स्वीकारले पाहिजे. आणखी एक गोष्ट. पातेल्यात उरलेले वाया जाऊ नये म्हणून सर्वांच्या शेवटी ते खाते ती गृहिणी. तिचे वाढते वजन हा तिचा एकटीचा दोष नव्हे. मापून शिजवणे ही साऱ्या कुटुंबाची जबाबदारी आहे. सायंकाळी अर्धा तास तिला फिरायला जाता यावे, म्हणून भाजी निवडायला पतीने बसावे. कुटुंब प्रबोधनाचा आरंभ येथूनही होऊ शकतो.

राष्ट्रकार्यासाठी देह झिजवण्याची भाषा आपण नेहमी करतो. झिजवण्यासाठी तो आधी धड असावा लागतो. उद्याच्या पहिल्या चहात एक चमचा साखर कमी घालावी, आणि परवाही.