गवत वाळलंय, संपलेलं नाही

श्रावणात टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांची गर्दी असते. हिरवा रंग ओसरला, की ‘आता काय बघायचं तिथं?’ म्हणून पावलं थांबतात. मला विचाराल तर टेकडी बघावी ती आश्विनात!

गौरीला तेरडा, गणपतीला आघाडा, दसऱ्याला आपटा. ही नावं आपल्याला आई-आजीकडून मिळाली. पण सण संपला, की आपली ओळखही संपते. तेरड्याचा रंग तीन दिवस, असं म्हणून आपण मोकळ्या होतो. त्याचं पिकलेलं बोंड बोट लागताच फुटतं आणि बिया चहूकडे उडतात, ते बघायला किती जणी जातो? आघाड्याचं बी ओढणीला चिकटून फुकट प्रवास करतं. कुसळी गवताचं तर नवलच. त्याच्या लांब कुसळाला पीळ असतो. ओल लागली की तो सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो आणि असं फिरत फिरत बी स्वतःच मातीत शिरतं.

पुण्याच्या वेताळ टेकडीवर आम्ही चार-पाच जणी रविवारी मुलांना घेऊन जातो. या दिवसांत गवताच्या तुऱ्यांवर मुनियांचे थवे उतरतात. उत्तरेकडून आलेला धोबी पक्षी शेपटी हलवत फिरत असतो. कुर्डूचे पांढरे-गुलाबी तुरे उन्हात चमकतात. मुलांना शाळेतला धडा आठवण्याआधीच तो डोळ्यांसमोर घडतो.

आणि नेमकं याच सुमारास काही उत्साही मंडळी ‘टेकडी स्वच्छता’ करायला निघतात. प्लास्टिक उचलतात, ते चांगलंच. पण वाळलं गवतही कचरा समजून उपटतात, पेटवतात. बी पडायच्या आत गवत गेलं, तर पुढच्या पावसाळ्यात उगवणार काय? मुनियांनी खायचं काय? वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा काढणं वेगळं, टेकडी बोडकी करणं वेगळं.

दुसरा हट्ट झाडं लावण्याचा. मोकळा माळ दिसला की खड्डे खणायचे! पुण्याच्या टेकड्यांवर लावलेला ग्लिरिसिडिया मूळचा मध्य अमेरिकेतला. त्याच्या दाटीखाली आपलं गवत तग धरत नाही. टिटवी, चंडोल जमिनीवर घरटं करतात. त्यांना झाडांची दाटी नको, माळच हवा.

आपल्या सोसायटीत, भिशीत, महिला मंडळात अशा मोहिमा ठरतात तेव्हा आपणच बोलायला हवं. ‘गवत बी पडल्यावर कापू, जाळायचं मात्र नाही,’ एवढं ठामपणे सांगितलं तरी पुष्कळ. त्याआधी एका रविवारी स्वयंपाक तासभर उशिरा होऊ द्या आणि मुलांना घेऊन टेकडीवर जाऊन या. घरी आल्यावर कपड्यांना चिकटलेली कुसळं काढता काढता मुलं प्रश्न विचारतीलच.