सहा वॅटांचा कारकून

गेल्या कांहीं महिन्यांत या सदराच्या वाचकांकडून आलेल्या पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांनीं विचारलेला आढळतो. घरांतला पत्रव्यवहार, हिशेब, मुलांचे अर्ज, बँकेचीं कामें आणि थोडेंबहुत मराठी टंकलेखन एवढ्यासाठीं संगणक घ्यावयाचा आहे. बाजारांत हल्लीं लहानशा पोथीएवढ्या आकाराचे, अत्यल्प वीज खाणारे संगणक मिळतात. ते खरोखर कामास येतात, कीं नुसतीं खेळणीं आहेत? प्रश्न रास्त आहे. आणि त्याचें उत्तर शोधण्याचा प्रसंग आमच्याच घरीं आल्यामुळें ऐकीव माहितीवर विसंबण्याचें कारण उरलें नाहीं.

तो प्रसंग असा. आमच्या वाईच्या घरांत थोरल्या वहिनी, म्हणजे आमच्या दिवंगत वडील बंधूंच्या पत्नी, आज पस्तीस वर्षें टंकलेखन करीत आल्या आहेत. प्रथम टाइपरायटरवर, पुढें संगणकावर. विद्यार्थ्यांचे प्रबंध, लेखकांचीं हस्तलिखितें, देवस्थानांचे वार्षिक अहवाल अशीं किती हजार पानें त्यांच्या बोटांखालून गेलीं असतील याची गणती नाहीं. बंधु अकालीं गेल्यावर दोन मुलांचीं शिक्षणें त्या बोटांवरच झालीं. परंतु एक गोष्ट आमच्या ध्यानांत कधींच आली नव्हती. ज्या यंत्रावर त्या हें काम करीत, तें कधींच त्यांचें नव्हतें. पुतण्यानें नवा संगणक घेतला कीं जुना वहिनींच्या खोलींत जावयाचा, असा घरचा रिवाज. शेवटचा आला तो २०११ सालचा, मेजाखालीं कपाटासारखा उभा राहणारा आणि चक्कीसारखा घरघरणारा.

२०२५ च्या श्रावणांत त्याची हार्ड डिस्क बसली. एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाचीं चाळीस पानें नाहींशीं झालीं, आणि प्रबंध दाखल करण्याची मुदत नऊ दिवसांवर आलेली. वहिनींनीं नातीचा लॅपटॉप मागून घेतला आणि रात्रीं जागून तीं चाळीस पानें पुन्हां लिहिलीं. मुदत टळली नाहीं. नंतर घरांत सर्वांचा विचार पडला, तो असा कीं, आतां वहिनींनीं विश्रांति घ्यावी. तसेंही विंडोज १० ची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबणार, विंडोज ११ इतक्या जुन्या यंत्रावर नियमाप्रमाणें बसत नाहीं. मग या वयांत नवा खर्च कशाला? हें सर्वजण प्रेमानेंच बोलले. आम्हीही मान डोलावली. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. तिसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं आपलें बँकेचें पासबुक आमच्यापुढें ठेवलें आणि म्हणाल्या, "भावोजी, यंत्र मला माझें हवें. पैसे माझे आहेत. कोणतें घ्यावें, तेवढें तुम्ही पाहा."

आम्हांस लाज वाटली, हें कबूल केलें पाहिजे. आमचें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपुढें गेलें नाहीं. जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला. तथापि जें पाहावयाचें तें नीट पाहावयाचें, एवढी शिस्त त्या भाषेनें लावलेली आहे.

पुतण्याचा आग्रह लॅपटॉपचा होता. पण वहिनींची मान दुखते, लॅपटॉपचा पडदा खालीं राहतो आणि कळा उथळ असतात. शिवाय बावीस इंची पडदा घरांत सुस्थितींत होताच. तेव्हां नुसता डबा घ्यावा असें ठरलें. या डब्यांपैकीं पुष्कळांत सध्यां इंटेल कंपनीचा एन-१०० हा प्रोसेसर आढळतो. तो २०२३ च्या आरंभीं बाजारांत आला. त्यांत चार गाभे असून त्याची ठरीव वीज सहा वॅट आहे. जाहिरातवाल्यांना हे 'सहा वॅट' फार प्रिय दिसतात. वाचकांनीं मात्र ध्यानांत ठेवावें कीं हा आंकडा प्रोसेसरच्या नेमस्त कामाचा आहे, सबंध यंत्राचा नव्हे, आणि काम अंगावर आलें कीं प्रोसेसरही तेवढ्यावर थांबत नाहीं.

याहून लहान व स्वस्त हवें असल्यास रास्पबेरी पाय आहे. त्याचा ४०० हा प्रकार २०२० च्या नोव्हेंबरांत निघाला. त्यांत सबंध संगणक कळफलकाच्याच पोटांत बसविलेला आहे. पुढें २०२४ च्या डिसेंबरांत ५०० निघाला. शिकणाऱ्या मुलांस तो उत्तम. परंतु विंडोजवरचे नेहमींचे प्रोग्रॅम त्यावर सरळ चालत नाहींत, आणि वहिनींकडे युनिकोडपूर्वीच्या फाँटांत लिहिलेलीं, विंडोजवरच्या जुन्या प्रोग्रॅमांनींच उघडणारीं शेंकडों पानें आहेत. म्हणून तो विचार सोडला.

पहिला डबा आम्हीं मागविला तो परत करावा लागला. नांव अपरिचित, किंमत आश्चर्यकारक कमी. उघडून पाहतों तों त्यांतील विंडोजचा परवाना मोठ्या कचेऱ्यांना एकगठ्ठा देतात त्या जातीचा निघाला. म्हणजे घर आपलें, पण खरेदीखत दुसऱ्याचें. २०२४ सालीं तर परदेशी बनावटीच्या कांहीं छोट्या संगणकांत कारखान्यांतूनच घातक प्रोग्रॅम शिरून आल्याचें उघडकीस आलें होतें. तेव्हां किंमत फारच कमी दिसली तर थांबावें, पावती व परवाना मागावा, आणि शक्य तर जाणत्याकडून विंडोज मुळापासून पुन्हां बसवून घ्यावें. दुसरा डबा शहरांतील दुकानांतून, समक्ष पाहून घेतला. स्मृति १६ जीबी (संगणकाची, मनूची नव्हे), साठवण ५१२ जीबीची एसएसडी, विंडोजच्या परवान्यासह किंमत अठरा हजारांच्या आंत. स्मृति ८ जीबी असली तरी घरगुती काम चालेल. साठवण मात्र ईएमएमसी नांवाची स्वस्त जातीची नसावी. तिनें सारें यंत्र रेंगाळतें.

परीक्षा आम्हीं मास्तरकीच्या पद्धतीनें घेतली. कळ दाबल्यापासून काम सुरू होईतों वीस सेकंद लागले. जुन्या यंत्रावर तेवढ्यांत वहिनींचा चहा उकळून गाळून होत असे. दोनशेंऐशीं पानांचा तळटीपांसह प्रबंध सात सेकंदांत उघडला. त्यांतील एक शब्द सर्वत्र बदलण्याचें काम डोळ्यांदेखत झालें. घरखर्चाचा २००९ पासूनचा तक्ता, बँक, रेल्वेचें आरक्षण, छपाई यांत एकही गुण कापण्यास जागा मिळाली नाहीं. मग आम्हीं कठीण प्रश्न घातला. प्रबंध उघडा ठेवून, ब्राउझरचीं बारा पानें उघडून, वर पुतण्याशीं व्हिडिओवर बोलणें लावलें. येथें मात्र यंत्र दमलें. अक्षरें बोटांमागून येऊं लागलीं आणि इतका वेळ निःशब्द असलेला पंखा ऐकूं आला. अर्थात् एका वेळीं तिघांचीं कामें सांगितलीं तर कोणताही कारकून दमावा.

विजेचा हिशेब आम्हीं मोजणीचें उपकरण लावून केला. पडदा सोडून जुना संगणक ६८ वॅट घेत असे. नवा स्वस्थ असतांना ७, टंकलेखनाच्या वेळीं सुमारें १०, आणि वरील कठीण प्रश्नाच्या वेळीं २२ पर्यंत गेला. म्हणजे ५८ वॅटांची बचत. दिवसाचे आठ तास व महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर बारा युनिट. नऊ रुपये दरानें महिना एकशें आठ रुपये झाले. या बचतींतून यंत्राची किंमत फिटावी म्हणाल तर तेरा-चौदा वर्षें लागतील, आणि तितकीं वर्षें तें यंत्र टिकेलच असें नाहीं! तेव्हां केवळ वीज वाचावी म्हणून चालता संगणक मोडींत काढूं नये.

अल्प विजेचा खरा उपयोग आम्हांस निराळ्याच ठिकाणीं आढळला. पावसाळ्यांत आमच्याकडे संध्याकाळीं दिवे जातात. जुना संगणक व पडदा मिळून आमचा लहानसा यूपीएस दहा मिनिटांत टाकून देत असे. वहिनी घाईघाईनें मजकूर साठवून अंधारांत बसत. आतां तोच यूपीएस, तीच बॅटरी, चाळीस मिनिटें पुरते. तेवढ्यांत बहुधा दिवे परत येतात. मात्र या डब्यास लॅपटॉपसारखी स्वतःची बॅटरी नसते, हें विसरूं नये. यूपीएस नसेल तर तो आधीं घ्यावा.

डब्यांत जें वाचलें त्यांतील अडीच हजार आम्हीं कळफलकावर घालविले, आणि तो खर्च सर्वांत सार्थकीं लागला. प्रोसेसर डोळ्यांस दिसत नाहीं. बोटांना दिवसभर भेटतो तो कळफलक. येथें एक हकीकत सांगावीशी वाटते. मराठी लिहिण्यासाठीं इन्स्क्रिप्ट नांवाची जी मांडणी आहे, आणि १९९१ च्या भारतीय मानकांत जिचा समावेश झाला, ती आमच्यासारख्या व्याकरणाच्या माणसास फार सुंदर वाटते. स्वर डाव्या हातास, व्यंजनें बहुतेक उजव्या. क ज्या कळीवर, तिच्यावरच शिफ्टसह ख. अल्पप्राणाच्या डोक्यावर महाप्राण बसविलेला. या मांडणीच्या श्रेष्ठत्वावर आम्हीं वहिनींना अर्धा तास व्याख्यान दिलें. त्यांनीं तें शांतपणें ऐकून घेतलें. मग आम्ही पडद्यावर 'ज्ञ' शोधीत होतों तेवढ्यांत त्यांनीं टाइपरायटरच्या जुन्या मांडणीनें अर्धें पान लिहून दाखविलें. ती मांडणी देणारा प्रोग्रॅम निराळा बसवावा लागला, आणि व्याख्यान तेथेंच संपलें.

दोष आहेत. स्मृतीस खांच एकच. पुढें वाढवावयाची तर जुनी काढून टाकावी लागते. प्रोसेसर बदलतां येत नाहीं, आणि गांवांतील दुरुस्तीवाल्यानें डबा उलटासुलटा करून मान हलविली. सीडीची खिडकी नाहीं. वहिनींच्या चौदा सीडी वाचण्यास बाहेरून जोडावयाचें साधन उसनें आणावें लागलें. ज्यांच्या मुलांस मोठे खेळ खेळावयाचे आहेत, चित्रफितींचें संपादन वा इमारतींचे नकाशे करावयाचे आहेत, त्यांनीं याच्या वाटेस जाऊं नये. आणि एसएसडी जाते तेव्हां पूर्वसूचना देतेच असें नाहीं. म्हणून वहिनी आतां रोज संध्याकाळीं, दिवेलागणीनंतर, दिवसाचें काम पेनड्राइव्हवर उतरवून तो आपल्या पोथ्यांच्या फडताळांत ठेवतात. दुसरी प्रत इंटरनेटवर जाते. चाळीस पानांची आठवण अद्याप ताजी आहे.

डबा पडद्याच्या पाठीमागें स्क्रूंनीं बसविला आहे. दिवाळीस पुतण्या आला, तो वांकून मेजाखालीं पाहूं लागला. तेथें आतां वहिनींचें पाय ठेवण्याचें चौरंग आहे. "काकू, संगणक कुठें आहे?" त्यांनीं पाठीमागचा डबा दाखविला. त्यानें कौतुकानें हात लावून पाहिला, आणि सहज बोलून गेला कीं, हा आपल्या मुलीस परीक्षेच्या दिवसांत बरा पडेल. वहिनी हंसल्या. म्हणाल्या, "तिला पाठव ना इकडे. माझ्या खोलींत बसून करील." पावती त्यांच्याच नांवावर आहे, आणि ती पासबुकांत घडी करून ठेवलेली आम्हीं पाहिली आहे.

शाईचा प्रिंटर घ्यावा कीं लेझर, असें दोघां वाचकांनीं विचारलें आहे. वहिनींचा जुना प्रिंटर सध्यां आमच्या मेजावर उघडा पडला आहे. त्याविषयीं पुढील अंकीं.