अवकाशनगरी बेंगळुरू आणि आपली पेढी

खानदेशातील आपल्या कुटुंबांना बेंगळुरू परिचित आहे ते श्रवणबेळगोळच्या वाटेवरील मुक्काम म्हणून, किंवा रेशमी साड्यांच्या खरेदीचे शहर म्हणून. भुसावळला कर्नाटक एक्स्प्रेसमध्ये बसावे, चिकपेटेत समाजबांधवांकडे उतरावे, दर्शन आणि खरेदी आटोपून परतावे, असा अनेकांचा परिपाठ. हेच शहर भारतीय अवकाश उद्योगाचे मुख्य केंद्रही आहे. इस्रोचे मुख्यालय तेथे आहे, उपग्रह तेथे घडतात. 1988 साली जगभरच्या अवकाशतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय काँग्रेस तेथे भरली होती, आणि आता ‘बेंगळुरू स्पेस एक्स्पो’ या आंतरराष्ट्रीय परिषदेत व प्रदर्शनात देशोदेशींचे उद्योजक जमतात. घरातील तरुणाने अशा परिषदेस जाण्याची परवानगी मागितली, तर ज्येष्ठांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तेथे आपले काय काम?

या प्रश्नाचे उत्तर इतिहासातच आहे. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म 1882 साली सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात झाला. घरचा व्यवहार कापूस आणि सावकारीचा; खानदेशी पेढ्यांना अगदी ओळखीचा. त्याच वालचंदांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने डिसेंबर 1940 मध्ये बेंगळुरूत ‘हिंदुस्तान एअरक्राफ्ट’ हा विमान कारखाना उभारला. महायुद्धाच्या धामधुमीत 1942 मध्ये सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला आणि कारखाना त्यांच्या हातून गेला. हीच संस्था पुढे 1964 मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्स झाली, आणि आज इस्रोच्या प्रक्षेपकांचे सांगाडेही ती बनवते. बेंगळुरूत विमानविद्येची जी कारागिरी रुजली, तिच्या मुळाशी एका जैन व्यापाऱ्याचे धाडस आहे. वालचंदनगरच्या कारखान्यातही प्रक्षेपकांची मोटार-कवचे तयार होतात.

दुसरे नाव डॉ. विक्रम साराभाई यांचे. अहमदाबादच्या गिरणीमालक जैन घराण्यातील या पुत्राने 1947 मध्ये भौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापिली. त्यांच्याच पुढाकाराने 21 नोव्हेंबर 1963 रोजी केरळातील थुंबा येथून पहिले अग्निबाण अवकाशात झेपावले. 1971 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर चार वर्षांनी सोडला गेलेला आपला पहिला उपग्रह ‘आर्यभट’ बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतील पत्र्याच्या शेडमध्ये घडला. अशा शेड आपल्या जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत कितीतरी आहेत.

आता व्यवहाराचे बोलू. 2020 मध्ये केंद्र सरकारने हे क्षेत्र खासगी उद्योगांना खुले केले आणि त्यासाठी ‘इन-स्पेस’ ही संस्था निर्माण केली. 2023 मध्ये अवकाश धोरण जाहीर झाले. उपग्रह किंवा प्रक्षेपक एका कारखान्यात पूर्ण होत नाही. झडपा, जोडण्या, केबल, विशेष प्लास्टिक, रंगलेप, पेट्या अशी हजारो कामे लहान पुरवठादारांकडे जातात. तेथे भावाआधी कागद विचारला जातो. धातूची कांडी कोणत्या घाणीतील, तिची चाचणी कोणी केली, ती कोणत्या यंत्रावर कातली, याची नोंद अखेरपर्यंत मागे नेता आली पाहिजे. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या रोजकीर्द आणि खतावणी जुळवल्याशिवाय दिवा मालवला नाही, त्याला ही शिस्त परकी वाटू नये. मात्र पहिली ऑर्डर मिळण्यास कित्येक महिने, प्रसंगी वर्षे जातात. म्हणून चालत्या दुकानाचे खेळते भांडवल यात गुंतवू नये. वेगळी रक्कम बाजूस काढावी आणि तिची मर्यादा आधीच ठरवावी.

एक प्रश्न याहून अवघड आहे. अवकाश आणि संरक्षण ही दोन क्षेत्रे पुष्कळदा एकाच छताखाली नांदतात. हवामान उपग्रहाचे सुटे भाग मागणारी कंपनी उद्या क्षेपणास्त्राचेही भाग मागू शकते. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांपैकी विषवाणिज्यात शस्त्रांचाही व्यापार मोडतो, हे आपण जाणतो. वालचंदांचा कारखाना युद्धकाळात लष्करी विमानांच्या कामी आला. साराभाईंनी शांततामय आणि लोकोपयोगी कार्यक्रमाचा आग्रह धरला. देशरक्षणाच्या कामाविषयी समाजात दोन मते असू शकतात आणि दोन्हींचा आदर व्हावा. पण हा निर्णय ऑर्डर हाती आल्यावर, नफ्याचा आकडा समोर असताना घेऊ नये. घरातील सर्वांनी आधी एकत्र बसून तो घ्यावा, भागीदारीपत्रात लिहावा, आणि आपला माल कोठे लागणार हे ग्राहकास निःसंकोच विचारावे.

तेव्हा तरुणांनी अवश्य जावे. नावनोंदणी आधी करावी, कारखान्याची यंत्रे, क्षमता आणि प्रमाणपत्रे दोन पानांत मांडून न्यावीत, भेटींच्या वेळा पत्राने ठरवाव्यात. परिषदेतील भोजन रात्री उशिरा असते; चौविहार पाळणाऱ्यांनी सोय आधीच करावी. कोणाशी काय बोलणे झाले, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. ज्येष्ठांनीही एकदा सोबत जावे. रावेर-सावद्याचा केळीचा व्यापारी आज वादळाचा अंदाज पाहून माल भरतो. त्या अंदाजामागे उपग्रह असतो. त्याअर्थी आपण या उद्योगाचे ग्राहक कधीच झालो आहोत. पुरवठादार व्हायचे की नाही आणि कोणत्या अटींवर, हे यंदाच्या दिवाळीत वहीपूजनाला सारे घर एकत्र येईल तेव्हा ठरवावे.