हातमोजे दरात धरा



कामाचा दर कसा काढायचा, या व्हिडिओनंतर तलासरीकडच्या एका तरुणाने मला त्याच्या वहीतल्या पानाचा फोटो पाठवला. चेनसॉ घेऊन चिकूच्या वाड्यांत छाटणी करायची, पावसाळ्याआधी घरावर झुकलेली झाडं उतरवायची, असा त्याचा धंदा. पानावर पेट्रोल, टू-टी ऑइल, चेनचं ऑइल, हेल्परची मजुरी, टेम्पोचं भाडं, अगदी चहासुद्धा होता. मी खूश! मग विचारलं, "हातमोजे?" तो म्हणाला, "आहेत ना सर, ठिपक्यांवाले."

म्हणजे तळव्यावर रबरी ठिपके असलेले सुती हातमोजे. विटा उचलायला उत्तम. पण चेनसॉची चेन पूर्ण वेगात सेकंदाला 20 मीटरच्या आसपास पळते, म्हणजे ताशी 72 किलोमीटर. आपल्या हायवेवरच्या गाडीचा वेग! तिच्यापुढे सुती कापड काय टिकणार? चेनसॉसाठीचे हातमोजे वेगळे येतात. पुढचं हँडल डाव्या हातात असतं, म्हणून बहुतेक जोड्यांत डाव्या हाताच्या पाठीवर मजबूत धाग्यांचे थर असतात. चेन लागली की धागे तिच्यात गुंततात आणि ती अडते. घेताना लेबलवर चेनसॉचं चित्र आणि 11393 हा मानकाचा आकडा बघा.

तरीही ऐका, हे कवच नव्हे. चेन थेट बोटांवर आली तर कुठलाच हातमोजा खात्री देत नाही. रोजच्या कामात त्याचा खरा उपयोग पकडीला आहे. आणि चेनला कानस मारताना, तेव्हा तर नक्कीच घाला. मशीन बंद, प्लगची टोपी काढलेली.

बाकीचं काम सवयीचं. बारच्या टोकाचा वरचा भाग फांदीला टेकला की मशीन क्षणात उलट उसळतं. डाव्या हाताचा अंगठा हँडलखालून वळलेला असेल तरच ते हातात राहतं. डावखुरे असाल तरी पकड हीच. शिडीवर चढून एका हाताने कापणं आपल्याकडे मर्दानगी समजतात. मी त्याला धंद्यातला मूर्खपणा म्हणतो. एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाताना इंजिन बंद. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हासारखी पडझड झाली की सगळे घाईत असतात. अशा वेळी दबलेली, वाकलेली फांदी कापली की ती चाबकासारखी सुटते. तिथे आधी दोन मिनिटं नुसतं बघत उभं राहा.

"उकडतं, चिकूच्या चिकाने चिकट होतात, म्हणून काढून ठेवतो," असंही तो म्हणाला. खरं आहे. मग दोन जोड्या ठेवा ना!

आता पैशाचं बोलू. अनेकांना वाटतं, विमा आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपये भरून एक अख्खा हात कायमचा निकामी झाला तर 1 लाख मिळतात. नुसती दोन बोटं गेली तर? त्या योजनेत काही नाही. आणि हेल्परचं बोट गेलं, तर तुम्ही त्याचे मालक ठरता. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत अंगठा गेला तर कमाईची क्षमता 30 टक्के गेली असं धरलं होतं. कागदावर 30. दोन्ही हातांनी चेनसॉ धरणाऱ्याचा धंदा मात्र पूर्ण बसतो. म्हणून हेल्परलाही हातमोजे हवेत, आणि चेन फिरत असताना तो लांब हवा.

समजा जोडी 3,000 रुपयांची आणि हंगामात 60 दिवस काम. दिवसाला 50 रुपये झाले. हे 50 दरात धरायला लाजू नका. बागायतदार घासाघीस करेल, करू दे. चहा कमी करा, पेट्रोलच्या फेऱ्या कमी करा, ही ओळ खोडू नका. त्यावरही कोणी "दुसरा कमीत करतो" म्हणालं, तर ते काम दुसऱ्याला जाऊ द्या, असं माझं मत.

आणि घोलवड-बोर्डीचे वाडीवाले वाचत असतील तर त्यांनाही सांगतो: दर विचारण्याआधी माणसाचे हातमोजे बघायला मागा. झाड तोडायची परवानगी लागते का, तेही तुम्हीच आधी विचारून ठेवा, त्याच्या गळ्यात टाकू नका.

त्या तरुणाने नवं पान पाठवलंय. हातमोजे, दोन जोड्या, चहाच्या वर लिहिलेत. पुढच्या व्हिडिओत त्याचाच दर उलगडून दाखवतो.