'विरंजन' या शब्दाविषयी

ओठांना पोवळ्याची उपमा देणाऱ्या आपल्या परंपरेने प्रवाळाचा रंग कायमचा गृहीत धरला. दागिन्यातल्या तांबड्या पोवळ्याबाबत ते ठीकच, कारण तो रंग त्याच्या सांगाड्यातच असतो. प्रवाळभित्तीची गोष्ट निराळी. तिथला तपकिरी रंग मुख्यतः प्रवाळाच्या ऊतींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा, म्हणजे त्याच्या हरितद्रव्याचा आणि पेरिडिनिनचा. हीच द्रव्ये प्रकाश टिपतात, आणि यजमानाचे बरेचसे अन्न त्यावर शिजते.

उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाहून पाणी १ अंशानेही काही आठवडे अधिक तापलेले राहिले, की ही व्यवस्था मोडते. डायडिनोझँथिनचे डायाटोझँथिन करून शैवाल जादा प्रकाशऊर्जा उष्णतेच्या रूपाने टाकू पाहते. ते अपुरे पडले की घातक ऑक्सिजन-रेणू साचतात, हरितद्रव्य घटते, शैवाल बाहेर पडते. पारदर्शक ऊतींखालचा चुन्याचा सांगाडा दिसू लागतो.

याला आपण 'विरंजन' म्हणतो, जणू परटाने कापड धुतले! रंगाबरोबर प्रवाळाचे जेवणही गेले, हे त्यातून कळत नाही. वृत्तपत्री 'मृत'ही तितकाच चुकीचा, कारण पाणी वेळेत निवले तर शैवाल परतू शकते. आम्हाला साधे 'पांढरे पडणे' पसंत आहे. चेहरा पांढरा पडतो तो जिवंत माणसाचाच. २०२४ मध्ये लक्षद्वीपची प्रवाळे अशीच पांढरी पडली होती.